एहराममध्ये रुमाल नसतो

खान्देशातला माणूस मे महिन्यात उघड्या डोक्याने बाहेर पडत नाही. रावेरच्या बागेत केळीचे घड उतरवणारा मजूर असो, भुसावळ स्टेशनबाहेरचा रिक्षावाला असो की धुळ्याच्या आग्रा रोडवर सकाळी शटर वर करणारा दुकानदार, प्रत्येकाचा रुमाल आधी पाण्यात भिजतो, पिळला जातो आणि कपाळावरून कान झाकत मानेमागे बांधला जातो. कान झाक, झळ लागेल, हे इथल्या पोराला चालायला लागल्यापासून ऐकावं लागतं. हजला गेलेल्या पुरुषाला मात्र एहरामच्या, म्हणजे हजच्या व्रतस्थ अवस्थेच्या, काळात हा रुमाल बांधता येत नाही. अंगावर दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं, पायात घोटा उघडा ठेवणारी चप्पल आणि डोकं मोकळं. उन्हाशी झुंजायचं जे साधन आयुष्यभर हाताशी होतं, ते नेमक्या अराफातच्या दिवशी नसतं.

म्हणूनच जळगाव-धुळ्याकडच्या आजमीनांना, म्हणजे हजला निघालेल्यांना, उन्हाची गोष्ट वेगळी सांगावी लागते. मालेगावच्या वाटेवरचे धुळ्याचे मोमीन, जळगावातले बागवान, पिंजारी, मण्यार, सातपुड्याच्या पायथ्याचे यावल-चोपड्याकडचे तडवी, यांतल्या कुणालाही ऊन नवीन नाही. तरबियती, म्हणजे प्रशिक्षणाच्या, कॅम्पमध्ये डॉक्टर बोलायला उभे राहिले की मागून आवाज येतोच, "डॉक्टरसाहेब, आम्ही भुसावळचे. आम्हाला उन्हाचं काय सांगता?" त्यात तथ्य आहे. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंश सहज ओलांडतो. मक्केचा उन्हाळाही असाच कोरडा, तसाच भाजणारा. मुंबईचा किंवा कोकणातला हाजी तिथे उतरल्यावर जसा गांगरतो तसा खान्देशी गांगरत नाही.

पण खान्देशाने उन्हाबद्दल जे खरं शहाणपण कमावलं ते सहन करण्याचं नाही, टाळण्याचं आहे. इथला शेतकरी तांबडं फुटायच्या आत बागेत असतो आणि ११च्या सुमाराला घरी परततो. दुपारी बाजारपेठा ओस पडतात, लग्नं गोरज मुहूर्तावर लागतात, पोरांना ४ वाजेपर्यंत घरात डांबलं जातं. मे २०२४च्या लाटेत जळगावच्या जिल्हा प्रशासनाने तर कलम १४४चा आधार घेतला, भर उन्हात मजुरांना उघड्यावर राबवू नये म्हणून. हजमध्ये ही मुभा आपोआप मिळत नाही. जिलहिज्ज या हजच्या महिन्याच्या ८ तारखेला मिना, ९ला अराफात, ती रात्र मुझदलिफाच्या मोकळ्या मैदानात, १०ला जमरातच्या खांबांना दगड मारणं, कुर्बानी, मुंडण, तवाफ म्हणजे काबाला फेरे. तारखा ठरलेल्या, जागा ठरलेल्या, आणि भोवती लाखोंची गर्दी. आपण उन्हाला सरावलो आहोत या भरवशावर जो दुपारी १ वाजता छत्रीशिवाय जमरातकडे निघतो, तो खान्देशात कधीच वागला नसता असं वागतो.

एका गोष्टीचा इथे उल्लेख करायलाच हवा. खान्देश हा हजच्या जुन्या रस्त्यावरचा मुलूख आहे. मोगल काळात उत्तरेतले यात्रेकरू बुऱ्हाणपूरला येत आणि तापीच्या खोऱ्याने थाळनेर, नंदुरबार करत सुरतेच्या बंदरावर पोचत. थाळनेरला, आजच्या शिरपूर तालुक्यात, तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी अजून उभ्या आहेत. सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. जहाजं वाऱ्याच्या हिशेबाने सुटायची, प्रवासाला महिनेच्या महिने लागायचे, आणि त्या महिन्यांत शरीर हळूहळू प्रत्येक हवेशी जुळवून घ्यायचं. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजसेवाही १९९५पर्यंत चालू होती. आता मुंबईहून विमान साडेपाच-सहा तासांत जेद्दाला उतरवतं, तिथून एसी बस, मग मक्केच्या अजीजिया भागातली एसी खोली. शरीराला सराव करायला वेळच उरत नाही.

हा सराव म्हणजे नेमकं काय, ते समजून घेण्यासारखं आहे. हवा ३५ अंशांच्या वर गेली की ती आपल्या कातडीपेक्षा गरम होते. मग शरीर हवेला उष्णता देत नाही, हवाच शरीराला देते. अंग निववायचा एकच मार्ग उरतो, घाम सुकवणं. आपला पाण्याचा माठ जसा पाझरतो आणि पाझर सुकताना आतलं पाणी गार होतं, तसंच हे काम चालतं. एक लिटर घाम कातडीवर सुकला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकून खाली पडला तर काहीच नेत नाही. खान्देशात आणि मक्केत हवा कोरडी असल्याने घाम झपाट्याने सुकतो. हा फायदा आहे आणि धोकाही, कारण अंग ओलं दिसत नाही आणि किती पाणी गेलं याचा पत्ता लागत नाही. उन्हात चालताना ताशी एक लिटर घाम सहज जातो.

रोज तास-दोन तास गरम हवेत अंगमेहनत केली तर एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलतं. घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो आणि हृदयावरचा ताण उतरतो. केळीबागेत राबणाऱ्याला हे सगळं फुकट मिळालेलं असतं. पण हजला जाणाऱ्यांत पुष्कळ जण साठीच्या पुढचे, आयुष्यभर पैसे साठवून निघालेले. गेली दहा वर्षं ते दुपारी कूलरसमोर पडून असतात. त्यांचा जन्म भुसावळचा असेल, पण त्यांच्या घामाच्या ग्रंथींना ते ठाऊक नसतं. हा सराव टिकाऊही नाही. एसीत दोन-तीन आठवडे काढले की तो उतरतो. शिवाय वयाबरोबर तहान मंदावते. सत्तरीतल्या माणसाला घसा कोरडा झाल्याचं कळतं तोवर उशीर झालेला असतो.

तेव्हा तयारी इथेच सुरू करायची. निघण्याआधी दोन महिने जळगावच्या मेहरूण तलावाला किंवा धुळ्यात पांझरेच्या काठाने रोज चालावं. आधी अर्धा तास, मग तास, पुढे दीड तास. पहाटेचं चालणं पायांसाठी, आणि शेवटचे दोन आठवडे संध्याकाळी ५ नंतर, अजून झळा असताना, थोडं चालणं घामाच्या सरावासाठी. हृदयाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच. सईचं, म्हणजे सफा-मरवा टेकड्यांमधल्या सात फेऱ्यांचं, अंतर तीन किलोमीटरच्या वर भरतं, आणि त्याआधी तवाफचे सात फेरे झालेले असतात. जी चप्पल तिथे घालायची तीच इथे दोन महिने घालून पायात मुरवावी. नव्या कोऱ्या चपलेने हाजीचे जेवढे हाल होतात तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने होत असतील.

मक्केत पोचल्यावर अनेकांची चूक होते ती उत्साहाची. आयुष्याची आस पूर्ण झालेली असते. मग रोज एक उमरा, म्हणजे छोटी यात्रा, कधी दोन, भर दुपारी हरमची, म्हणजे काबाभोवतीच्या मशिदीची, वाट. मन मानत नाही हे समजतं, पण हजचे पाच दिवस समोर असताना ताकद अशी उधळली की ८ तारखेला मिनाच्या तंबूत पोचेपर्यंत माणूस ताप-खोकल्याने आडवा झालेला असतो. हरमला पहाटे फज्रला जावं, संध्याकाळी मगरिब-इशाला जावं, मधली दुपार खोलीवर काढावी. इबादत कमी होत नाही आणि संध्याकाळच्या चालण्याने अंगाला तिथल्या हवेचा सरावही होतो.

२०२४ची हज सगळ्यांच्या लक्षात आहे. १७ जूनला मस्जिद-अल-हरामपाशी ५१.८ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या हजमध्ये १३०१ जण मेले असं सौदी सरकारने सांगितलं. त्यांतले ८३ टक्के परवान्याविना आलेले होते. परवाना नाही म्हणजे मिनात तंबू नाही, बस नाही, सावली नाही. माणसं रणरणत्या उन्हात मैलोन्‌मैल चालली. भारतातून त्या वर्षी १ लाख ७५ हजार हाजी गेले आणि परराष्ट्र मंत्रालयाने ९८ मृत्यूंची माहिती दिली. ते सगळे उन्हाचे बळी नव्हते, जुने आजार, वय, अपघात यांचाही त्यांत वाटा होता. पण परवान्याचा धडा मोठा आहे. व्हिजिट व्हिसावर स्वस्तात हज घडवतो असं कुणी एजंट सांगत असेल तर तो हाजीच्या डोक्यावरची सावली विकतो आहे. हज कमिटीकडून किंवा सरकारमान्य टूरकडूनच जावं. नंबर लागेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबावं. ज्याची ऐपत आणि तब्येत आहे त्याच्यावरच हज फर्ज आहे, आणि त्या ऐपतीत वाट सुरक्षित असणंही येतं.

२०२५मध्ये सौदी हज मंत्रालयाने हाजींना अराफातच्या दिवशी सकाळी १० ते दुपारी ४ तंबूतच थांबायला सांगितलं. खान्देशातल्या कुठल्याही आजीने हीच वेळ सांगितली असती. अराफातमध्ये थांबणं हा हजचा गाभा आहे, पण ते थांबणं तंबूत बसून, दुआ करत पूर्ण होतं. तिथल्या जबल-ए-रहमत टेकडीच्या तापलेल्या खडकावर चढणं त्यासाठी जरूर नाही. जमरातला दगड मारायला म्हातारे आणि आजारी रात्री जाऊ शकतात, अगदीच अशक्तांच्या वतीने दुसराही मारू शकतो. तवाफ आणि सई व्हीलचेअरवर होते. शरीयतने दिलेल्या या रुखसती, म्हणजे सवलती, आहेत आणि त्या मसल्यांसाठी आपल्या इमामांना निघण्याआधीच विचारून ठेवावं. तिथे गर्दीत, दमलेल्या अवस्थेत, सवलत घेणं म्हणजे कमीपणा असं वाटू लागतं आणि घरचा एखादा वडीलधारा हट्टाला पेटतो. घरून परवानगीच्या सुरात सांगितलेलं त्याला तिथे आठवतं. "अब्बा, खुर्ची घ्या, हज पूर्ण होते" हे मुलाने भुसावळ स्टेशनवरच सांगावं.

आता रुमालाच्या जागी काय? छत्री. एहराममध्ये डोक्याला टेकणारं काही नको, पण वर धरलेली सावली चालते. आपल्याकडे पुरुषाने उन्हात छत्री उघडणं जरा अवघड वाटतं, छत्री म्हणजे मृगाची वस्तू. ती अढी इथेच सोडावी. पांढरी किंवा चंदेरी अस्तराची हलकी छत्री घ्यावी. सावलीत हवेचा पारा तोच राहतो, पण थेट उन्हाचा मारा आणि डोकं तापणं पुष्कळ कमी होतं. जोडीला पाण्याची फवारणीची छोटी बाटली. चेहरा, मान, हात वारंवार ओले करावेत. म्हाताऱ्यांचा घाम कमी पडतो तिथे हे पाणी घामाचं काम करतं. नुसत्या हातपंख्याने ४० अंशांच्या वर फायदा होत नाही, गरम हवाच अंगावर येते. आधी ओलं करावं, मग वारा घालावा.

पायांबद्दल थोडं सविस्तर. काबाभोवतीची पांढरी फरशी ग्रीसच्या थासोस बेटावरच्या संगमरवराची आहे. ती ऊन परतवते आणि दुपारीही पाय ठेवता येण्याइतकी गार राहते. त्यावर चालताना माणूस निर्धास्त होतो. मग नमाज आटोपून बाहेर आला तर दारात ठेवलेली चप्पल नाही. समोर डांबरी रस्ता, आणि हॉटेल जवळच आहे म्हणून तो अनवाणी निघतो. मधुमेहाने ज्याच्या तळव्यांची जाणीव गेली आहे त्याला भाजल्याचंही कळत नाही. खोलीवर पोचल्यावर तळव्याला फोड आलेले दिसतात, आणि अशा जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. उपाय साधा आहे. चप्पल काढली की कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची, आत न्यायची आणि पिशवीत एक जास्तीचा जोडही ठेवायचा. रोज रात्री तळवे आरशात बघायचे. एहरामच्या कापडाने मांड्या घासून सोलवटतात, त्यासाठी बिनवासाचं व्हॅसलीन निघण्याआधी लावावं. एहराममध्ये सुगंध चालत नाही, म्हणून साबण आणि मलम दोन्ही बिनवासाचेच हवेत.

पाण्याच्या बाबतीत बायकांचं दुखणं वेगळं आहे आणि त्याविषयी उघड बोललं जात नाही. मिना-मुझदलिफात बाथरूमसमोर लांब रांगा असतात. म्हणून आपल्याकडच्या कितीतरी हज्जनबाई सकाळपासून पाणीच पीत नाहीत. बसमध्ये अडचण नको म्हणून काही जण रक्तदाबाची लघवी होणारी गोळीही स्वतःच बंद करतात. या दोन्ही गोष्टी माणसाला थेट दवाखान्यात नेतात. घोट घोट, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पीत राहावं आणि लघवीच्या रंगावर नजर ठेवावी. फिकट पिवळी म्हणजे ठीक, गर्द म्हणजे पाणी कमी पडतंय. रांगेत उभं राहायची वेळ आली तर छत्रीसकट उभं राहावं, पण पाणी तोडू नये.

नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही बरं नाही. घामाबरोबर मीठ जातं, आणि तासन्‌तास फक्त पाणीच प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. घरून ओआरएसची पाकिटं न्यावीत, डब्ल्यूएचओच्या सूत्राची असं छापलेली, आणि एका लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावं. फळांच्या चवीचे गोड डबे म्हणजे ओआरएस नव्हे. अन्न नियामकाने ऑक्टोबर २०२५मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली, ती याच गोंधळामुळे. ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी पाणी आणि मीठ किती घ्यायचं ते आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं.

ऊन लागण्याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीत भरपूर घाम, पेटके, चक्कर, मळमळ असते, पण माणूस शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. सावलीत झोपवून पाय उंच करून ओआरएस दिलं की सावरतो. दुसरी पायरी म्हणजे उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदू बिघडतो. माणूस तारखा विसरतो, आपल्याच बायकोला ओळखत नाही, झोकांड्या खातो किंवा कोसळतो. कातडी कोरडीच असेल असं नाही, घामाने ओलीही असते. बरळणं हीच खूण. क्रोसिनने हा ताप उतरत नाही, उगाच देऊ नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. मदतीसाठी हाका मारतानाच एहरामची चादर भिजवावी, अंगावर टाकावी, वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत बर्फाच्या बाटल्या ठेवाव्यात. आधी गार करायचं, मग न्यायचं. दहा-पंधरा मिनिटांचा उशीर इथे जिवाची किंमत मागतो.

हे उपचारशास्त्र मोठ्या प्रमाणात घडलंच मक्केत. १९८०च्या सुमाराला खोगाली आणि वायनर या दोन संशोधकांनी हाजींसाठी मक्केचं कूलिंग युनिट म्हणून ओळखला जाणारा पलंग तयार केला. रोग्याला जाळीवर निजवायचं, चहूबाजूंनी १५ अंशांच्या पाण्याचे बारीक तुषार सोडायचे आणि वरून चक्क ४५ अंशांची गरम हवा फिरवायची. ऐकायला उलटं वाटतं. पण बर्फात बुडवलं तर कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, थरथर सुटते आणि आतली उष्णता आत अडकते, असा त्यांचा तर्क होता. कातडी ३२-३३ अंशांवर ठेवली तर रक्त वर येत राहतं, तुषार सुकत राहतात आणि उष्णता निघून जाते. १९८५च्या ऑगस्टमधल्या हजमध्ये थोड्या दिवसांत उष्माघाताचे दोन हजारांहून अधिक रोगी आले आणि हजारावर माणसं दगावली. त्यानंतर सावलीचे रस्ते, तुषारांचे खांब, कूलरचे तंबू, मेट्रो अशी एकेक सोय वाढत गेली. १९७९ ते २०१९ या काळात मक्केचं तापमान दर दशकाला सुमारे ०.४ अंशाने चढत असतानाही उष्माघाताचं प्रमाण जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटलं. ऊन वाढूनही माणसं वाचवता येतात याचा इतका भक्कम पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण. जळगाव-धुळ्याच्या सरकारी दवाखान्यांतल्या उष्माघात कक्षांनाही तो उपयोगी आहे.

औषधांची यादी निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांपुढे ठेवावी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या अंगातलं पाणी कमी करतात, तर बीटा ब्लॉकर, सर्दीच्या जुन्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधं घाम किंवा हृदयाची गती रोखतात. ती स्वतः बंद करायची नाहीत, मात्रा डॉक्टर ठरवतील. इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेतच न्यावं, आणि मिनात फ्रीज नसतो म्हणून ओल्या कापडातल्या थंड पाऊचमध्ये ठेवावं. गोळ्यांची नावं रासायनिक नावासह कागदावर लिहून ओळखपत्राच्या मागे घालावीत. भारतीय हज मिशनचे दवाखाने मक्का-मदिनेत असतात, तिथले आपल्याकडचे डॉक्टर तो कागद बघून लगेच कामाला लागतात.

चंद्राच्या पंचांगामुळे हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२६ची मेच्या शेवटच्या आठवड्यात, २०३०ची एप्रिलच्या मध्यावर. म्हणजे येती तीन-चार वर्षं तरी मक्केची हज आणि खान्देशाचा वैशाख एकत्र येणार. हाजी उन्हातून निघून उन्हात उतरेल आणि घरी परतेल तेव्हाही ऊन असेल.

परतल्यावर दोन आठवडे तब्येतीकडे लक्ष ठेवावं. मेंदूज्वराची लस सगळ्यांना घ्यावीच लागते, फ्लूची म्हाताऱ्यांनी आवर्जून घ्यावी, तरीही लाखोंच्या गर्दीतून खोकला घेऊन येणारे पुष्कळ असतात. ताप, धाप किंवा न थांबणारा खोकला असेल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं की मी सौदीहून आलो आहे, कारण २०१२पासून तिथे उंटांकडून येणारा मर्स हा आजार अधूनमधून आढळतो. तिथे असताना उंटाचं कच्चं दूध पिऊ नये. आणि हाजीला भेटायला, गळामिठी मारायला, जमजम-खजूर घ्यायला सगळी गल्ली लोटते तेव्हा खोकणाऱ्या हाजीने मास्क लावावा, घरातल्या तान्ह्या बाळाला आठवडाभर दुरूनच बघावं.